कडुलिंबाखालचा कवडसा

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या बंजारा तांड्यावर शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला माझ्या सुनीताला शेजारच्या गावात घातलं… आणि रोज सकाळी पोरीच्या पोटात कळ यायला लागली.

नुसती कळ नाही. हात गार पडायचे, शाळेच्या फाटकाशी धाप लागायची. आमच्यात आईला याडी म्हणतात. "याडी, तू गेलीस की मला कायतरी व्हतंय," एवढंच सांगायची.

औषध प्रत्येकाकडे तयार! सासूबाई म्हणाल्या, नजर लागलीय. दीर म्हणाले, दोन ठेवून द्या. कुणी म्हणालं शाळाच सोडवा, शेळ्यांमागं जाईल… मी ठाम नाही म्हटलं. पोरगी नाटकं करत नव्हती, घाबरली होती. आणि मार देऊन कुणाची भीती गेलीय?

दुसऱ्या दिवशी भरतकामाचं गाठोडं घेऊन वर्गाच्या खिडकीसमोर कडुलिंबाखाली बसले. आमच्या कांचोळीवर, म्हणजे चोळीवर, बारीक आरसे बसवतात. त्यातला एक उन्हात धरला की कवडसा थेट वर्गाच्या भिंतीवर पडायचा. सुनीताला सांगून ठेवलं होतं… कवडसा हलला की मी इथंच आहे असं समज.

गुरुजी बाहेर आले. असे लाड केले तर पोरगी शिकायची नाही, म्हणाले. मी टाका घालता घालताच बोलले, "गुरुजी, मी वर्गात न्हाई, झाडाखाली बसून राहिले. झाडाला काही तकलीफ न्हाई."

गावातल्या बायका म्हणायच्या, हिचंबी नाव हजेरीत घ्या. खुशाल घ्या, म्हटलं.

एकदा हात हलला नि कवडसा गुरुजींच्या टकलावर! अख्खा वर्ग हसला. सुनीताही हसली… त्या वर्गात पहिल्यांदाच.

मग आषाढ लागला. एका सकाळी आभाळ गच्च, उन्हाचा पत्ता नाही. आरसा हातात धरून मीच घाबरले, आत पोरीचं काय होत असेल…

मधल्या सुट्टीत ती आपणहून बाहेर आली. माझं गाठोडं आवरून हातात दिलं.

"याडी, पाणी येऊन राहिलं. तू घरी जा. मी येते पोरींसंगं."

निघाले. वाटेत भिजले, रडले, आणि खरं सांगते… फार खूश होते.

परवा सुनीताचा फोन आला. तिचा लेक बालवाडीच्या दारात रडतो, लोक म्हणतात लाडावलाय. मग तू काय करतेस, मी विचारलं.

"फाटकासमोर बसलेय," म्हणाली.

बस म्हटलं, बिनधास्त बस.