बाबांचं आट्यांच्या मापाचं पुस्तक

मित्रांनो, आज कशातच मन लागत नाहीये, म्हणून लिहितोय.

बाहेरगावच्या नोकरीतून सुट्टीवर घरी, बुऱ्हाणपूरला आलोय. माझे बाबा सिंधीपुऱ्यात लेथवर जुन्या लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, नट-बोल्ट बनवायचे. कापड मिलने टाकून दिलेली मापांची, मानकांची पुस्तकं त्यांनी जपून ठेवली होती. बाबा गेल्यावर मागच्या सुट्टीत मी एक उघडलं. मी आठवी नापास. पहिल्याच पानावर शिक्का दिसला, ‘आता लागू नाही’. मला वाटलं, बेकार झालं. सगळी रद्दीत दिली.

आज सकाळी लूमवाले सलीमचाचा तुटका बोल्ट घेऊन आले. "काय परदेसी, झोपायलाच आलास का? हे इंचवाले आटे नव्या किताबीत मिळत नाहीत. बाबांची जुनी किताब दे ना, बेटा."

मी इतवारा बाजारात रद्दीवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, "भाऊ, वर्ष झालं. आता पुठ्ठा पण नाही उरला."

परत येऊन चाचांना सांगितलं. त्यांनी तुटका बोल्ट खिशात टाकला. मग म्हणाले, "त्या किताबीत पानांच्या कडेला तुझ्या बाबांनी पेनाने मापं लिहिली होती. ती कुठे छापलेली नाहीत."

तेव्हापासून घरभर शोधतोय. बाबांच्या हातचं लिहिलेलं दुसरं काहीच सापडत नाहीये.

तुमच्या घरी अशी पुस्तकं असतील, तर रद्दीत देण्याआधी पानं उलटून बघाल ना?