चष्म्यावर कोण बसलं?

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून सगळी नोकरी झालेली. कागद जरा तिरका ठेवला तरी कपाळाला आठी पडणार. अशा माणसाचा चष्मा वाकडा झाला. डावी बाजू वर, उजवी खाली.

"कोण बसलं यावर?" दादांनी विचारलं आणि सरळ आईकडे पाहिलं. औंढ्याच्या घरात आम्ही तिघंच, आणि मी शिकवायला रोज हिंगोलीला जाणार. म्हणजे आरोपी ठरलेलाच.

"मी न्हाई बसले वो. काहून माझ्यावर घेता?"

हा खटला दोन वर्षं चालला. बाजारातला चष्मेवाला काड्या वाकवून चष्मा नाकावर नीट बसवून द्यायचा, दोन-तीन महिन्यांत तो पुन्हा तिरका व्हायचा, की दादांचा आवाज चढायचा. आई तर बसायच्या आधी खाट, खुर्ची, सगळं हातानं चाचपून बघायला लागली. मी हसायचे. आता त्याची लाज वाटते.

शेवटी दादांनी नवीच फ्रेम घ्यायची ठरवली आणि साक्षीदार म्हणून मला सोबत नेलं. नवी फ्रेमही नाकावर तिरकीच. चष्मेवाल्यानं ती काचेच्या काउंटरवर ठेवली, तर तिथे ती अगदी सपाट बसली. मग त्यानं दादांच्या नाकाच्या मुळाशी बोट दाबून पाहिलं.

"काका, फ्रेम बराबर हाय. नाकच एका बाजूनं वर आलंय तुमचं."

भिजल्या हरभऱ्याएवढा, हाडासारखा टणक उंचवटा होता तो. चष्म्याचा वळ असेल, म्हणून आम्ही कुणी नीट बघितलंच नव्हतं. चष्मेवाल्यानं फ्रेम त्या उंचवट्याच्या बेतानं वाकवून दिली आणि डॉक्टरला दाखवाच म्हणाला.

नांदेडच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहिला. नाकाच्या हाडातच रक्तवाहिन्यांची गाठ वाढली होती. "फार क्वचित दिसते ही. बहुतेक साधीच आहे, कॅन्सर नसावा. पण काढून तपासल्यावरच खात्रीनं सांगता येईल." त्यांनी दोन शिकाऊ डॉक्टरांनाही बघायला बोलावलं. दादा ताठ बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना बघायला मुद्दाम कुणी आलं नव्हतं. परतीच्या एसटीत शेजारच्या माणसाला सांगेपर्यंत त्या 'क्वचित'ची 'मराठवाड्यातली पहिलीच केस' झाली होती.

आईनं मात्र एकच शब्द ऐकला होता, कॅन्सर. त्यापुढचा 'नसावा' तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

ऑपरेशनच्या दिवशी ती बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. दादांचा चष्मा रुमालात गुंडाळून मांडीवर, वर दोन्ही हात. मी म्हटलं, "आई, ठेव ना बाजूला."

"नगं. कुणी बसंल." आणि तिला रडू फुटलं. "घरी येऊ दे गं त्यांना. रोज म्हनू दे मला, तूच बसलीस म्हनून."

मी तिचा हात धरला. मलाही दुसरं काही नको होतं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. गाठ साधीच होती. आई चालत नागनाथाच्या देवळात जाऊन आली, आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून मनसोक्त रडले.

जखम भरली, सूज उतरली, तेव्हा एका सकाळी दादांनी पेपर घेऊन चष्मा लावला. वाकडा! या वेळी डावी बाजू खाली. उंचवट्यासाठी वाकवलेली फ्रेम आता सरळ नाकावर कशी बसणार?

"कोण..." सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं आणि तिथेच थांबलं.

आई समोर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच बसले."

दादांनी पेपर खाली ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले. "तू कधीच बसली नव्हतीस."

आणि तसाच वाकडा चष्मा लावून तिच्याजवळ तांदूळ निवडायला बसले.