भावाचा गाळा

समोरच्या पोराच्या शर्टाची बाही चिमटीत धरून ती विचारायची, "आणि याचं पुढे काय?"

पहिल्या तासाला पोरं गोंधळायची. पुढे काय म्हणजे? जुना झाला की टाकायचा. "कुठे?" कचऱ्यात. "आणि तो कचरा कुठे जातो?" असं विचारत विचारत ती त्यांना डंपिंगच्या ढिगापर्यंत नेऊन सोडायची आणि शांतपणे फळ्याकडे वळायची.

विरारच्या आमच्या कॉलेजात ती वस्त्रशास्त्र शिकवायची. मी शेजारच्या वर्गात डिझाइन. ती वसईजवळच्या होळी गावची, ख्रिस्ती घरातली, बिनलग्नाची. तुम्ही तिला पाहिलं असतं तर शिस्तीची, जराशी रुक्ष बाई म्हणून पुढे गेला असतात. पण आईच्या लाल चौकटीच्या लुगड्यातून शिवलेला कुर्ता घालून ती यायची, आणि स्टाफरूममध्ये कोणी नवी साडी दाखवली की तिच्याआधी आम्हीच ओरडायचो, "आणि याचं पुढे काय?" तेव्हा ती तोंडावर हात धरून हसायची.

तिचे वडील लवकर गेले. थोरल्या भावाने शाळा सोडून रंगाईच्या कारखान्यात काम धरलं आणि हिला शिकवलं. पुढे वसईच्या पूर्वेला त्याने स्वतःचा गाळा घेतला. जीन्स रंगवायच्या, धुवायच्या. सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलंय, असं त्याने हिला सांगितलं होतं. वर्गात ती अभिमानाने म्हणायची, "धंदा सांभाळून पाणी स्वच्छ सोडणारी माणसं असतात. एक तर माझ्याच घरात आहे."

एका हिवाळ्यात आम्ही दोघी तिच्या वर्गाला पूर्वेकडच्या एका गावात घेऊन गेलो. तिथल्या ओढ्याचं पाणी निळं झालंय, असं तिच्या कानावर आलं होतं. पालेभाजी लावणारी एक म्हातारी म्हणाली, "हे पानी गुरंपन तोंडात घेत नाय. मी भाजीला कसं घालू?"

"मिस, हे येतं कुठून?" एका मुलीने विचारलं.

"चला, बघू."

काठाकाठाने आम्ही वर चालत गेलो. शेतं संपली, पत्र्याच्या शेडची रांग लागली. एका भिंतीतून पाइप बाहेर आला होता आणि त्यातून निळं, वाफाळतं पाणी ओढ्यात पडत होतं. पोरं फोटो काढू लागली. ती मात्र जागची हलेना. मला कळेना काय झालं. मग वळसा घालून आम्ही पुढच्या बाजूला आलो, तर दारात तिचा भाऊ उभा.

"तू? इकडे?"

"यंत्र बंद आहे का रे?"

"घरी बोलू." त्याने पोरांकडे पाहिलं.

ती पोरांकडे वळून म्हणाली, "हा माझा भाऊ. याच्याच पैशावर मी शिकले. विचारा, काय विचारायचं ते."

भावाने हळूच शटर ओढून घेतलं.

गावकऱ्यांनी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. साक्षीला कोण येणार, असा प्रश्न आला तेव्हा ती गेली. "तू नको जाऊस, दुसरं कोणी जाईल," मी म्हटलं होतं. ती म्हणाली, "मग उद्या वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहू?"

गाळ्याला सील लागलं. काही दिवसांनी तिथे काम करणारी एक बाई कॉलेजात आली, थेट वर्गाच्या दारात. "बाई, तुमचं बरोबर असेल. पन आम्ही आता कुटं जायचं?" "ते मला माहीत नाही," तिने त्या बाईला सगळ्या वर्गासमोर सांगितलं.

भाऊ पुन्हा तिच्याशी बोलला नाही. गाळा गेल्यावर तो घरातच बसून असायचा. ती रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर त्याच्या दारापर्यंत जायची. भावजय आतूनच सांगायची, "झोपलेत."

पावसाळ्याआधी तो हृदयविकाराने गेला.

दफनाला मी तिच्यासोबत होते. सिमेत्रीच्या, त्यांच्या दफनभूमीच्या, फाटकाशी भावाचा मुलगा आडवा आला. "आत्या, आई म्हणते, तू आत येऊ नकोस." तिने मान हलवली. फादरांची प्रार्थना आम्ही बाहेरूनच ऐकली. एकेकजण मूठभर माती टाकून परत निघाला. जाताना कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर ती आत गेली. खड्डा बुजवणाऱ्या माणसाने फावड्याने अर्धा खड्डा भरला होता. "थोडं थांबता का?" ती म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली. मूठभर माती टाकून ती उठेल असं मला वाटलं. पण ती दोन्ही हातांनी माती ओढत राहिली, धापा टाकत. तो माणूस फावडं टेकून उभा राहिला. मी तिच्या खांद्याला हात लावला तर तिने तो झटकला.

खड्डा भरला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. फाटकाजवळ नळ होता. मी तो सोडला, पण ती थांबली नाही. मातीने भरलेले हात अंगापासून दूर धरून ती रस्त्याला लागली, होळी गावाच्या दिशेने. त्यानंतर ती कॉलेजात आली नाही.