गिनती पूरी हाय

अनंता हवालदार कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी भिंतीवरचं बटण शोधायचा आणि ट्यूबलाईट बंद करायचा. विचारायचा नाही. घरातली माणसं अंधारात एकमेकांकडे बघत राहायची. मग टोपी भुवयांपर्यंत ओढून तो म्हणायचा, "हां, आता बोला." पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथे कुणी म्हणे, हा दुसऱ्याचंसुद्धा वीजबिल वाचवतो. बाकीचे म्हणत, फौजेत गेला नि साहेब झाला. मी या बाकीच्यांतला. तसं म्हणायला माझ्याकडे कारण होतं.

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. नववीत दोघेही नापास झालो. तो भरतीला गेला आणि मी महाडला ट्रकवर हमाली करायला. हमालीतून गाड्या कळल्या, गाड्यांतून माणसं कळली, आणि पुढे कशेडी घाटाच्या अलीकडे हायवेवर मी स्वतःचं यार्ड टाकलं. जुन्या जीप, पिकअप, टेम्पो घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. मला कुणी हात धरून वर आणलेलं नाही, आणि माझ्या डोळ्यांत धूळ फेकून कुणी गाडी खपवलेलीही नाही.

अनंता तेव्हा सुट्टीवर आला की गावाला कळायचं. शिमग्यात खालुबाजा, म्हणजे ढोल-सनईवाल्यांचा ताफा, निघाला की हा सगळ्यांच्या पुढे, ढोलाला कान लावून. ढोलवाला थकला तर त्याच्या गळ्यातला ढोल काढून स्वतःच्या गळ्यात घालायचा. त्याची आई ओरडायची, "मेल्या, कान फुटतील!" तो म्हणायचा, "फुटूदे गो, दोन हायेत!"

फौजेत तो गाडी चालवायचा. सीमेवरच्या एका रस्त्यावर त्याच्या पुढची गाडी सुरुंगावर गेली. हा मागच्या गाडीत होता. धक्क्याने डोकं आधी मागे आणि मग स्टिअरिंगवर आदळलं. थोडा वेळ कानात नुसती शिट्टी वाजत होती. साहेबाने विचारलं, लागलं का? याने हात मोजले, पाय मोजले आणि सांगितलं, "गिनती पूरी हाय, साब." पुढच्या गाडीतल्या दोघांची गिनती भरली नव्हती. त्यांच्यासमोर डोकं दुखतं म्हणून सांगायला जायची त्याला लाज वाटली. कागदावर काहीच आलं नाही. नंतर कुणीही तब्येत विचारली की त्याचं तेच, "गिनती पूरी हाय." डोकं त्याने मोजलंच नव्हतं.

पेन्शनीवर आला तेव्हा मी त्याला यार्डात बोलावलं. इंजिनाचा कान असलेला माणूस मला हवा होता. चार महिने बरे गेले. पाचव्या महिन्यात गोरेगावचं एक गिऱ्हाईक पिकअप बघायला आलं. इंजिन चालू होतं आणि अनंता बॉनेटपाशी उभा होता. अचानक तो फिरला, गाडीच्या दारातून हात घालून त्याने माझी कॉलर धरली आणि गिऱ्हाइकासमोर माझ्या कानशिलात लगावली. मग टोपी ओढून सरळ चालत घरी गेला. गिऱ्हाईक गेलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. माफीचा एक शब्द नाही. सहा वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. रस्त्यात दिसला तर तोंड फिरवायचो. त्याच्यात मात्र फरक नव्हता, लांबून हात वर करायचा. मला तो निर्लज्जपणा वाटायचा.

सहा वर्षांनी त्याची बायको सुनंदावहिनी यार्डात आली आणि उभ्याउभ्याच बोलली. पुण्याहून एक डॉक्टरबाई महाडला आल्या होत्या. स्फोटाजवळ असलेले पण जखम न झालेले जवान, पुढे त्यांची डोकी वर्षानुवर्षं का दुखतात, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. त्यात घेतलेल्या माणसावर पुण्यात उपचारही होणार होते. अनंताला घ्यावं की नाही हे ठरत नव्हतं. त्यासाठी त्याला स्फोटाआधी आणि नंतर दोन्ही वेळा ओळखणारा, घराबाहेरचा माणूस हवा होता.

"भावजी, तुमच्याशिवाय कोण हाय? रोज चार-चार गोळ्या खातात. भिंतीकडं तोंड करून बसतात. पोर घरात भांडं वाजवायला भिते."

"तू नाही सांगितलंस डॉक्टरबाईंना?"

"मी म्हटलं, काय नाय, पहिल्यापासनं तसंच हायेत." ती खाली बघत म्हणाली. "नवऱ्याला येडा ठरवू काय मी?"

मी गेलो. वहिनीसाठी गेलो असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझी तक्रार कुणीतरी पेन घेऊन ऐकणार होतं, म्हणून गेलो.

महाडला कोर्टाच्या मागच्या एका हॉलमध्ये बाई बसल्या होत्या. तिशीच्या, शांत. म्हणाल्या, "स्फोटाचा धक्का डोक्याला बसतो, तेव्हा कवटी फुटतेच असं नाही. आतला मेंदू हलतो. फोटोत बऱ्याचदा काही दिसत नाही. त्यांचा फोटोही साफ आहे, कागदावर नोंद नाही, आणि ते स्वतः म्हणतात गिनती पूर्ण आहे. तुम्ही काय पाहिलंत तेवढं सांगा."

मी खालुबाजा सांगितला. स्फोटानंतरच्या शिमग्यात हाच माणूस पाच दिवस गाव सोडून शेतावरच्या गोठ्यात जाऊन राहिला, तेही सांगितलं. ट्यूबलाईटचं सांगितलं. बाई भराभर लिहीत होत्या. मग मी कानशिलातली सांगितली. महिना, वार, गाडीचा रंग, गिऱ्हाइकाचं गाव, सगळं मला पाठ होतं.

"इतकं नेमकं कुणी सांगत नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्या आधी काय झालं?"

"काही नाही. एकदम मारली."

त्यांनी पेन थांबवलं. "विनाकारण हात उचलत असतील तर ते दुखणं वेगळं. आवाजाने डोकं उठून होत असेल तर ते आमच्या कामातलं. नीट आठवा."

आठवायची गरज नव्हती. सहा वर्षांत ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली असेल, पण कुणी त्याच्या आधीचं विचारलं नव्हतं.

"गाडी चालू होती," मी म्हणालो. "मी आत बसून ॲक्सिलरेटर दाबून धरला होता."

"ते काही बोलले?"

"बंद कर म्हणाला. तीनदा."

"मग?"

"गिऱ्हाइकासमोर मला हुकूम देतो, म्हणून मी आणखी दाबला. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. ते मला दिसत होतं."

बाईंनी मान वर केली नाही. सगळं लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि म्हणाल्या, "यांना आपण घेऊ."

बाहेर अनंता भिंतीच्या सावलीत टोपी ओढून बसला होता. सहा वर्षांनी माझ्याशी बोलायला त्याला काही जड गेलं नाही.

"काय रे बाबू, काय इचारलं बाईने?"

"तू मला मारलीस ते."

"मी? कवा?"

खोटं बोलणारा विक्रेता मला दहा हातांवरून कळतो. हा खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात तो दिवसच नव्हता.

"यार्डात. कानाखाली."

त्याने वाकून माझ्या कानाकडे बघितलं. "लागलं व्हतं काय रे?"

"लागलं."

"मग उलटी का नाय दिलीस? तू काय ऐकून घेणारा हायेस व्हय!"

त्याचं उत्तर मी दहा मिनिटांपूर्वी सही करून आत दिलं होतं. मी म्हणालो, "चल, एसटी सुटेल."

पुण्याला त्याच्या रोजच्या गोळ्या आधी बंद केल्या. त्याच गोळ्या आता दुखणं धरून ठेवत होत्या म्हणे. पहिला महिना त्याने भिंतीवर मुठी मारून काढला. मग दुसरं औषध लागू पडलं, आणि रोजचं डोकं दुखणं महिन्यातून चार-पाच दिवसांवर आलं. पूर्ण गेलं नाही. बाईंनी तसं सांगितलंही नव्हतं. तो पुन्हा यार्डात येऊन बसू लागला. इंजिन चालू करायच्या आधी मी हात वर करून खूण करायचो, तो उठून वडाखाली जायचा. असं अडीच वर्षं चाललं. गेल्या वर्षी छातीत कळ आली आणि महाडला नेईपर्यंत तो गेला.

अडीच वर्षं तो रोज समोर होता, पण मी ॲक्सिलरेटरचं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "सोड रे, गिनती पूरी हाय ना?" आणि हसला असता. जन्मभर मी हरेक वस्तू स्वस्तात मागत आलो. ही एक माफी मला इतक्या स्वस्तात नको होती.