बोरीच्या चाचांची डाळ

तुरीचा दाणा दाढेखाली धरून चाचा डोळे मिटून घ्यायचे. समोर माणूस ताटकळत उभा आहे याचं त्यांना भानच नसायचं. मग कट्ट असा आवाज यायचा, किंवा यायचा नाही. नाही आला, म्हणजे दाणा अजून ओला असला, की तो थुंकून ते म्हणत, "अजून बोलला नाही." विषय संपला. तुम्ही गावचे सरपंच असा की माझ्यासारखी घायकुती बाई, त्या दिवशी तुमची तूर भरडली जायची नाही.

बोरी अरबच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांची डाळ मिल होती. मिल म्हणजे काय, टिनाच्या शेडमध्ये एक खडखडणारं यंत्र आणि शेजारी घराच्या गच्चीवर वाळवण. तिकडे फारसं कुणी जात नसे. तूर व्यापाऱ्याला घालायची आणि दुकानातून कुठली तरी चकचकीत डाळ आणून खायची, ही आमची सगळ्यांचीच रीत झाली होती. तुमच्याकडेही तेच असेल. आमच्या बचत गटातल्या बायकांनी ठरवलं, आपली तूर इथेच भरडायची आणि इथल्याच घरांना विकायची. चाचांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "पॉलिश तं नाही मांगणार ना?"

पोत्यांवर नावं लिहिलेली त्यांना चालत नसत. "अक्षर पुसून जाते बाई, लुगडं वळखू येते." ज्या घरची तूर, त्या घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी पोत्याच्या तोंडाला बांधायची. एका घरचा दाणा दुसऱ्या घरच्या दाण्यात मिसळू द्यायचे नाहीत. एकदा दोन जावांनी लग्नात मिळालेल्या सारख्याच लुगड्यांच्या चिंध्या आणल्या. चाचा डोक्याला हात लावून बसले. "सुना दोन अन् लुगडं एक? मी गरिबानं काय करावं?" शेवटी धाकटीला घरी पिटाळून सासूच्या लुगड्याची चिंधी मागवली, तेव्हा कुठे यंत्र सुरू झालं. आम्ही पोट धरून हसलो होतो.

त्यांची डाळ दिसायला मळकटच. कुठे कुठे साल राहिलेलं. पण शिजायला लागली की शेजारचं घर विचारायला येई. दोन वर्षांत आमची गिऱ्हाइकं दारव्ह्यापर्यंत गेली आणि मुलींच्या एका वसतिगृहाने वर्षभराची डाळ आमच्याकडून घ्यायचं कबूल केलं. त्या एका कामावर गट उभा होता. ते गेलं असतं तर बायका पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात.

तिसऱ्या वर्षी तूर, साल सुटावं म्हणून तेलपाणी लावून, गच्चीवर पसरली आणि आभाळ भरून आलं. पाऊस नाही, पण ऊनही नाही. सोमवारी डाळ पोचवायची होती. शनिवारी मी गेले, तर चाचांनी दाणा थुंकला.

"चार दिवस ऊन पाह्यजे."

"चार दिवस कुठून आणू चाचा? सोमवारी नाही गेली तं ते दुसरीकडून घेतीन. गट बुडन आमचा."

"मले पटत नाही बाई."

"भरडा. मी जबाबदार."

हे मीच म्हटलं. गच्चीवर आणखी कुणी नव्हतं. चाचांनी हातातली तूर परत वाळवणावर टाकली. मग खाली जाऊन त्यांनी यंत्र सुरू केलं.

महिनाभराने वसतिगृहातून आम्हा दोघांना बोलावणं आलं. व्यवस्थापकांनी पोतं उघडून दाखवलं. डाळीचे गोळे झाले होते, वर पांढरी बुरशी, आणि असा वास की मी पदर नाकाला लावला. मुलींनी ताटं तशीच सोडली होती म्हणे. "ही ओली डाळ भरली कोणी?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "माही चूक झाली साहेब. म्हातारा झालो, दाणा समजला नाही."

मी गप्प राहिले. दोष गटाचा नाही असं ठरलं तर काम टिकेल, हा हिशेब माझ्या डोक्यात चालला होता. त्याची मला आजही लाज वाटते.

परतताना एसटीत मी म्हटलं, "चाचा, काहून सांगितलं तसं?"

"तुम्हाले अजून दाळ विकाची हाय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

काम टिकलं नाहीच. वर गावभर झालं की चाचांना आता दाणा कळत नाही. आमच्याच गटातल्या बायका एकेक करून आपली पोती घेऊन गेल्या. त्या गल्लीत उभं राहून मी कुणालाही खरं सांगू शकले असते. नाही सांगितलं. चाचा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, मी गेले की चहा मागवायचे, आणि त्या डाळीबद्दल एक अक्षर काढायचे नाहीत. मागच्या थंडीत ते गेले. मुलगा पुसदला असतो, त्याने यंत्र भंगारात दिलं.

यंदा मी धीर करून त्या वसतिगृहात गेले. व्यवस्थापक नवे होते, माणूस भला. मी सगळं सांगितलं, तो शनिवार, गच्ची, माझा हट्ट. चूक चाचांची नव्हती, माझी होती, असं दोनदा सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "माझ्या आधीचं असेल ताई," ते म्हणाले. "मी त्या चाचांना ओळखत नाही. जेवणाची वेळ झाली, दोन घास खाऊन जा."

मुलींच्या पंगतीत मला बसवलं. वरण पिवळंधमक, कुठे सालाचा ठिपका नाही. मुली मुकाट्याने जेवत होत्या.

"नागपूरहून येते," ते वाढता वाढता म्हणाले. "कशी आहे डाळ?"

"चांगली आहे," मी म्हटलं.