मधुभाऊंच्या फोटोत उजेड कमी

आमच्या नागावच्या आळीत किस्से शोधायला जावं लागत नाही. दारात धुणं वाळत घाला, आपोआप जमतात. फक्त अर्धे जमतात, एवढीच अडचण. परवा कुंपणापलीकडे मासळीवाली मंजुळा कुणाला तरी सांगत होती, "मधुभाऊनं पोरीच्या हातातला कॅमेराच काढून घेतला, आन्..." तेवढ्यात वाडीतला पंप सुरू झाला. पुढचं काही ऐकू आलं नाही. मी आपलं मनातल्या मनात कॅमेरा विहिरीत पाडून मोकळी झाले.

मधुभाऊ आमचे शेजारी. जन्मभर एसटी चालवली, यंदा रिटायर झाले. तेव्हापासून माजघरात खुर्ची टाकून गप्प बसतात. त्यांची नेहा अलिबागला फोटोग्राफी शिकते. तिने तसाच त्यांचा फोटो काढला. खिडकी अर्धी उघडी, अर्ध्या तोंडावर उजेड, बाकी काळोख.

तिच्या सरांनी सांगितलं, लोकांची मतं आण. आधी चांगलं काय ते, मग सुधारायचं काय ते. आणि वडील हो म्हणाले तरच फोटो प्रदर्शनात लागेल. मुदत दोन दिवस. वडील हो म्हणेनात, नाही म्हणेनात.

*

पहिली मीच सापडले. तिच्या मोबाईलवरचा फोटो डोळ्याजवळ नेला, लांब नेला.

"काकू, आधी चांगलं सांगा."

"खिडकीचे गज स्वच्छ पुसलेत."

"आणि सुधारायचं?"

"ट्यूब लावायची राहिली का गं?"

"मुद्दाम बंद केली होती, काकू."

मुद्दाम? आमच्याकडे पाहुणा आला तर भरदुपारी ट्यूब लावतात.

*

सुरेखावहिनी, म्हणजे नेहाची आई, फोटो बघून चिडल्याच. "बनियनवर बसवलंस बापाला. लोक म्हणतील घरात शर्ट न्हाय. आणि मागं नवा फ्रिज हाय, तो काळोखात घातलास."

"आई, आधी चांगलं सांगायचं असतं."

"फ्रिज चांगला हाय. म्हणून तर सांगते."

*

कोपऱ्यावरच्या भाईंचं होमस्टे आहे. ते म्हणाले, "असा फोटो टाकला तर गिऱ्हाईक अर्ध्या वाटेतून परत जाईल." आणि मोबाईल घेऊन स्वतःच सुधारायला बसले. मधुभाऊ गोरे झाले, गाल गुलाबी झाले. भाईंनी तो आळीच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळपर्यंत तिघांनी मधुभाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

*

मंजुळाने मात्र टोपली खाली ठेवून फोटो नीट पाहिला. "डोळा बघ कसा चकाकतोय. डोळा ताजा हाय, बाकी मधुभाऊ शिळा वाटतोय."

नेहाने तेही वहीत लिहून घेतलं.

नेहा गेल्यावर मी मंजुळाला हळूच विचारलं, "कॅमेरा कुठे टाकला गं त्यांनी?"

"टाकला कुठं? घेतला, येवढंच मी पायलं. फुडचं मलाबी म्हायती न्हाय. मला वाटलं तुला असंल."

*

मुदतीच्या आदल्या दुपारी राहवेना. विरजण मागायच्या निमित्ताने गेले. मधुभाऊ त्याच खुर्चीत, ट्यूब बंद, कॅमेरा मांडीवर. म्हणजे घेतला होता हे खरं. पण मागच्या छोट्या स्क्रीनवर स्वतःचाच फोटो बघत बसले होते. नेहा दाराला टेकून उभी, नखं खात.

"सकाळपासनं असंच चाललंय," ती कुजबुजली.

मी म्हटलं, "भाऊ, हो म्हणून टाका की. पोरीचा उद्या शेवटचा दिवस."

त्यांनी स्क्रीनवरची धूळ बनियनने पुसली.

मग म्हणाले, "फोटो चांगला हाय."

नेहाने मान वर केली.

मधुभाऊ उठले, खिडकीचं दार आणखी थोडं बंद केलं, परत येऊन बसले आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला.

"उजेड जरा जास्त झाला. परत काढ."