झाकलेली तलंग

पाण्याच्या टाकीपलीकडे शेवटचं घर तिचं. मागे गोठा, त्यात एक म्हैस आणि दोन शेळ्या. गोठ्याच्या भिंतीला टेकून जुन्या दारांच्या फळ्यांचं खुराडं. नवरा गवंडी, कामामागे महिनोन्‌महिने बाहेर. घरात ती आणि सासूबाई. गावात सगळे तिला कोंबडीवाल्या वहिनी म्हणत.

"माझ्या मुलाशी लग्न करून आली आणि कोंबड्यांची सासू झाली," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. खोटं नव्हतं ते. कुठली कोंबडी खुडूक बसलीये, कुठली खुराडं सोडून चाऱ्याच्या ढिगात अंडं घालते, हे तिला न बघता कळायचं.

रस्त्यापलीकडे मोठी पोल्ट्री होती. तिथे रोग शिरला आणि कोंबड्या ढिगाने मेल्या. दुसऱ्याच दिवशी गुरांचे डॉक्टर दारात उभे.

"वहिनी, तुमच्यांना काही झालेलं नाही, दिसतंय मला. पण आसपासच्या सगळ्याच न्याव्या लागतात."

"सगळ्या?"

"पिल्लंसुद्धा. एक जरी मागे राहिली, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग पुढच्या आळीतल्याही जातात."

सकाळी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली. त्यांना बघून कोंबड्यांची पळता भुई थोडी झाली. कुणी पत्र्यावर, कुणी म्हशीच्या पोटाखाली. रबरी बूट घातलेला एकजण शेणावरून घसरून सपशेल आडवा झाला. कुणी हसलं नाही. शेवटी डॉक्टर हळूच म्हणाले, "तुम्ही हाक मारलीत तर येतील."

तिने सुपात कणी घेतली आणि रोजच्यासारखं "आ, आ, आ" केलं. त्या आल्या. एकेक उचलायची, पंख अंगाशी दाबायचे, पुढे द्यायची. वाळलेले कपडे दोरीवरून काढावेत तसं ते काम होऊन बसलं. "हात चांगला बसलाय तुमचा," पांढऱ्या कपड्यांतला एकजण म्हणाला. "हो," ती म्हणाली.

खुराड्यात चुना मारून माणसं गेली. तिने हात धुतले, चहा टाकला आणि सासूबाईंना नेऊन दिला. सासूबाई खाटेवर ताठ बसलेल्या, चादर जमिनीपर्यंत ओढलेली. चहाला हात लावेनात. तेवढ्यात खाटेखालून बारीक कुरकुर आली.

तिने वाकून चादर सारली. खाली टोपली पालथी घातलेली, आणि टोपलीखाली तांबूस तलंग. अजून पहिलं अंडंही न घातलेली.

"राहू दे एक," सासूबाई म्हणाल्या. "बियाण्याला."

"बाकीच्या माझ्या हातांनी दिल्या मी."

"म्हणूनच म्हणते, ही राहू दे. कोण बघायला येतंय?"

पुढच्या आळीत शिंपीणबाईंचं खुराडं होतं. त्यांनी कालच कुंपणावरून विचारलं होतं, आमच्यापर्यंत नाही ना येणार हो? ती बाहेर गेली आणि डॉक्टरांना फोन लावला.

"एक राहिलीये."

"येतो," डॉक्टर म्हणाले.

तलंग तिनेच उचलून फाटकापर्यंत नेली. मागून सासूबाईंचा आवाज आला, "तू तर त्यांच्याही वरताण निघालीस गं."

तेव्हापासून घरात अबोला. सासूबाई म्हशीशी बोलायच्या. "तुझ्या मालकिणीला सांग, आमटीत मीठ नाहीये." ती ऐकायची आणि मीठ आणून ठेवायची. पहाटे डोळा उघडला की सूप घेऊन मागे जायची, चुन्याने पांढरं पडलेलं खुराडं बघायची आणि कणी पुन्हा डब्यात ओतायची. आपल्याला रडू येईल असं वाटायचं तिला. ती वाटही बघायची. यायचं नाही.

नवऱ्याने फोनवर विचारलं, "येऊ का मी?"

"येऊन काय करणार?"

"नाही, म्हणजे... तुला बरं वाटेल."

"काम उरकून ये."

पुढे कोंबड्या पाळण्यावरची बंदी उठली. नवरा आला तो भोकं पाडलेल्या खोक्यात पिल्लं घेऊन. ती खूश होईल म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने खोकं घेतलं, आत बल्ब टांगला, खाली कागद अंथरला. पिल्लं एकमेकांवर चढून बसली, म्हणजे थंडी लागतेय. तिने बल्ब खाली घेतला. हातांना सगळं आठवत होतं. "आवडली ना?" नवऱ्याने विचारलं. "चांगली आहेत," ती म्हणाली, आणि नव्या पाण्यासाठी उठली.

एका दुपारी ती गोठा झाडत होती. सासूबाई ओसरीतून ओरडल्या, "अगं, इकडे ये. याचा पाय बघ."

म्हैस तिकडे चरायला गेलेली. हाक सुनेलाच होती.

सासूबाईंच्या ओंजळीत एक पिल्लू, पाय वाकडा. तिने चिंधीची पट्टी फाडली, खराट्याची काडी मोडली आणि पाय सरळ धरून बांधला. सासूबाईंनी पिल्लाचं डोकं अंगठ्याने दाबून धरलं होतं.

"होईल बरा?"

"होईल. नाहीतर नाही होणार."

"आणि तू?"

तिने उरलेली चिंधी गुंडाळली. "मला काय झालंय," ती म्हणाली. मग उठत, "चहा टाकू?"

"टाक. साखर जरा बेताने."

पिल्लू लंगडतच मोठं झालं. अंडी बाकीच्यांइतकीच घालतं.